नातवावरची उचल

अमेरिकेचं सरकार माझ्या नातवाला पगार देतं, असं मी त्या वर्षी सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटलेलो. त्यात खोटं फारसं नव्हतं. नातू होता ठाण्यात, आमच्या घरात, आणि त्याच्यामुळे पैसे जमा होत होते न्यू जर्सीत. आता अडीच वर्षांचं पोर पगार घेण्यासारखं काय काम करतं, असं लोक विचारायचे. ओरडतं, मी सांगायचो. सकाळी त्याने दुधासाठी हाक मारली की खाडीपलीकडे कळव्यातली म्हातारी माणसं दार उघडायला उठायची. एकदा तर चढती भरती त्याच्या आवाजाने जागच्या जागी थबकलेली. ते बघायला तिथे मी एकटाच होतो, त्यामुळे साक्षीदार मागू नका.

हा अमेरिकेत जन्मलेला गडी आमच्याकडे आला कसा, तेवढं सांगतो. साथीचं वर्ष होतं. लेक त्याला घेऊन माहेरी आलेली, पण तिला कामावर परत बोलावलं. जावई तिकडे इस्पितळात नोकरीला, पाळणाघरं बंद. "थोडे दिवस ठेवा, बाबा," म्हणून ती गेली. पावसाळा आला तरी ते थोडे दिवस संपले नव्हते. तोवर पोरगा इंग्रजी विसरला, खाडीतल्या निवट्यांचं कालवण ओरपायला शिकला, आजीला 'ए बाय' म्हणायला लागला आणि मला नुसतं 'ए'.

तशात एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, इकडे सरकारने पोरांमागे दर महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केलीय. पुढच्या वर्षी टॅक्स भरताना जी सूट मिळणार, तिच्यातला अर्धा भाग आत्ताच, अ‍ॅडव्हान्स. ते मी तुम्हाला पाठवते. त्याच्या खाण्यापिण्याला होतील."

"पण देतात कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? पोर आहे म्हणून."

मला काही उमगेना. आमच्या वेळी पोर झालं की सरकार समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण काढायचं. इथे उलट बक्षीस.

हिने फोन माझ्या हातातून घेतला. ही मार्केटात मासळी विकते. तिला पहिला प्रश्न नेमका सुचतो. "परत द्यायचे नाय ना?"

"हिशोब पुढच्या वर्षी होईल, आई. जास्त आले असतील तर परत द्यावे लागतील."

हिने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. "ही उचल हाय," ती म्हणाली. "पोराला बांधलं त्यांनी."

हे कळायला आमच्या धंद्याची रीत ठाऊक हवी. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी होडीचा मालक खलाशाच्या हातावर उचल ठेवतो. ज्याने ती घेतली, तो त्या होडीचा. मोसम संपेपर्यंत त्याला दुसऱ्या होडीत पाय ठेवता येत नाही. मी स्वतः वागळे इस्टेटीत लेथवर जन्म काढला, पण माझा बाप खलाशी. उचल घेतलेली म्हणून सख्ख्या भावाच्या हळदीला तो समुद्रात होता. माझ्या आजीने त्याच्या वाटणीची हळद खाडीत सोडली, आणि बाप परत आला तो पिवळा होऊनच, असं घरात सांगतात. मी तेवढं पुढे सांगतो.

तर आमच्या घरात असा निकाल लागला की अमेरिका नावाच्या मालकाने ऐन मोसमाच्या तोंडावर आमच्या पोरावर उचल दिलीय, आणि आता होडी सुटली की पोरगा जाणार. हिने त्या पैशाला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. "खर्च केला की कबूल झालं," म्हणाली. दूध तिच्या मासळीच्या पैशातून येऊ लागलं.

मी डोंबिवलीहून साडूला बोलावलं. तो लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद भरून देतो आणि पुण्याच्या माणसापेक्षा शुद्ध बोलतो. स्कूटरवरून आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "अ‍ॅडव्हान्स टॅक्स आपण सरकारला भरत असतो. सरकार आपल्याला देत नाही. मुलीची ऐकण्यात काहीतरी गफलत झाली आहे. तिलाच भरायचे असतील."

"पण पैसे आलेत ना तिच्या खात्यात."

"मग सरकारची गफलत झाली आहे."

"भावोजी," ही म्हणाली, "पोरगा जाणार का ऱ्हानार, तेवढं सांगा."

"त्याचा टॅक्सशी काय संबंध?" साडू म्हणाला, आणि दुसरा कप मागितला.

संबंध होता, हे पुढच्या महिन्यात कळलं. लेकीचा पुन्हा फोन. तिचे टॅक्सचे कागद बघणाऱ्या बाईने विचारलेलं की मुलगा वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याजवळ राहतो ना? नसेल राहत तर सूटही नाही आणि आलेले पैसेही परत. पण नुसता तात्पुरता बाहेर गेला असेल तर तो घरीच आहे असं धरतात.

"मग मी काय सांगू, बाबा?" लेक म्हणाली. "तो तिथे राहतो, की पाहुणा आलाय?"

मी दोन्ही उत्तरं बोटांवर मोजून बघितली. राहतो म्हटलं तर लेकीला भुर्दंड. पाहुणा म्हटलं तर पाहुण्याला निरोप द्यायचा असतो. शेवटी म्हणालो, "त्यालाच विचार."

"ए," नातू मला म्हणाला, "फोन दे."

आईचा चेहरा फोनवर बघून त्याने तिला हात दाखवला, टाटा करतात तसा, आणि खेळायला निघून गेला. लेक म्हणाली, "मी ते महिन्याचे पैसे बंद करून टाकते. तशी सोय आहे. काय मिळायचं ते पुढच्या वर्षी एकदम बघू. आणि मी दिवाळीला येतेय."

उचल बंद झाली म्हणजे पोरगा सुटला, असं समजून मी गल्लीत पेढे वाटले. ही म्हणाली, "ती येतेय ती कशाला, फराळाला?"

दिवाळीत लेक आली. पोरगा आधी आजीच्या लुगड्यामागे लपला. भाऊबीजेपर्यंत तिच्या कुशीत झोपायला लागला. मी मुद्दा काढला. "मालकाचे पैसे तू थांबवलेस. मग आता पोराला कशी नेतेस?"

"बाबा, मालक कोण? ती सूट माझ्याच टॅक्सातली होती. पैसे माझेच."

"आणि पोरगा?"

"तोही माझाच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता त्याची चड्डी बॅगेत घालत राहिली.

गेला तो. विमानतळावर त्याने जे भोकाड पसरलं, त्याच्या जोरावर विमान निम्म्या धावपट्टीतच उडालं असणार.

पुढच्या वर्षी लेकीने कळवलं की सूट पूर्ण मिळाली. त्या बाईने सगळं तपासून ठरवलं की मुलगा तात्पुरताच बाहेर होता. साडू नेमका आमच्याकडे बसलेला. त्याने मान डोलावली. "बरोबर आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो त्या काळात न्यू जर्सीतच राहत होता."

मी डोकं खाजवलं. ओट्यावर लोळणारा, मला 'ए' म्हणणारा मग कोण होता? ही बोंबील साफ करत होती, मान वर न करता तिने विचारलं, "आनि तिथं त्याला भरवत कोन होतं, भावोजी?"

साडूने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात चहा उरला नव्हता.