प्रत्येकाचं डोकं शोधणाऱ्या बाई

चौथीच्या बाईंसारखी येडी बाई अख्ख्या विठ्ठलवाडीत दुसरी नसेल. मी त्यांच्या शाळेत खिचडी शिजवायचे. बाकीच्या मास्तरणी पोरांची डोकी मोजायच्या, या बाई डोकं कुठे आहे ते शोधत बसायच्या. "मावशी, प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं," बोलायच्या. एका पोरीचं कानात, म्हणून तिला पाढे गाऊन शिकवले. एकाचं पायात, तो मैदानात उड्या मारत सातचा पाढा म्हणायचा नि हेडसर खिडकीतून ओरडायचे, "बाई, शाळा आहे की सर्कस?" बाई उलट त्यांनाच, "सर, तुमचं घशात आहे." मला पण सोडलं नाय. डाळ नुसती हुंगून मी जुनी ओळखली, तेव्हा बोलल्या, "मावशी, तुमचं नाकात." मी बोलले, "बाई, साठ वर्षं उशीर केलात."

माझी नात त्यांच्याच वर्गात. लेक माझा आनंदनगरला कंपनीत होता, तिथून घरी आला तो चादरीत गुंडाळूनच. तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडेना, वाचायला उभी केली की नुसती घामेजायची. सून घरी जीन्सचे धागे कापायची, उल्हासनगरहून टेम्पो गठ्ठे टाकून जायचा. ती बोलली, "आई, हिला वाचता येत नाय, कात्री तरी चालते. चौथी झाली की बसवू कामाला." पोट सगळ्यांनाच होतं.

बाईंना कळलं तशा घरी आल्या, गठ्ठ्यावरच बसल्या. पोरगी न बघता नुसत्या बोटांनी धागा शोधते, हे बघून टाळीच वाजवली. "सापडलं! हातात आहे!" मग जीन्सच्या चिंधीवर जाड दोऱ्याने अक्षरं शिवून आणायला लागल्या. पोरगी त्यावर बोट फिरवायची, हळूच बोलायची, "क." असं करत दिवाळीनंतर पुस्तक वाचायला लागली. ती शिकायची तेवढा वेळ तिच्या वाटचे धागे बाई कापायच्या. एकदा धाग्याबरोबर खिसाच कापला. सून कपाळाला हात लावून बोलली, "बाई, तुमचं डोकं हातात नाय, एवढं नक्की."

बाई कंत्राटावरच्या. उन्हाळ्यात त्यांना येऊ नका सांगितलं. जाताना एकेका पोराबद्दल एकेक कागद लिहून माझ्याकडे दिला, पाचवीच्या बाईंना द्यायला. मी नेऊन दिले, तर पाचवीच्या बाई बोलल्या, "मावशी, सत्तर पोरं आहेत, हे वाचू कधी?" कागद परत माझ्याकडेच. आमच्या बाई आता बदलापूरला हेंद्रेपाड्यात शिकवण्या घेतात म्हणे, खरंखोटं माहीत नाय.

पावसाळ्यात सुनेच्या छातीत जीन्सची धूळ बसली, ती अंथरुणातून उठेना. नातीला शाळेतून मीच काढली. दुसरं कोण होतं काम करायला?

एका दुपारी तिचा कागद तिच्याच पुढ्यात धरला. मी दुसरी शिकलेली, हातचं लिहिलेलं मला लागत नाय. तिने कात्री ठेवली नि न अडखळता मोठ्याने वाचलं, "हिला घाई करू नका. ही सगळं शिकेल."

मग विचारलं, "आजी, पाचवीच्या बाईंनी हे वाचलं का?"

"नाय गं."

तिने कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात दिली, नि पुढची पँट ओढली.