हिलालच्या मागे कोणी नको

पावसात हिलाल टेम्पो चालवू लागला की आमच्या कोसाडचे ड्रायव्हर हसायचे. मागून गाडी आली की हा कडेला घेणार, तिला पुढे काढणार, मगच निघणार. मीही हसायचे, शेजारीण ना, हक्कच होता. “हिलालभाऊ, मागे भूत लागलंय का?” विचारलं की “लागलंय,” म्हणायचा. तोंडावर हसू नसायचं.

भूत म्हणजे रघुनाथ. दोघंही अमळनेरकडचे, हजीऱ्याकडे वाळूचे ट्रक चालवायचे. एका पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. हिलालने नुसत्या अंदाजाने ट्रक घातला आणि पार नेला. त्याच्या मागच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून रघुनाथही आला, आणि कडेवरून खाली गेला. हिलालने आरशात बघितलं तेव्हा मागे गाडी नव्हती. नुसतं पाणी होतं. तो आरसा त्याला झोपेतही दिसायचा. रघुनाथची बायको सुभद्राबाई आमच्याच गल्लीत राहायची. ती त्याला एका शब्दानेही बोलली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बिचारा सुटला असता.

सत्त्याण्णवच्या पावसात तिची लेक ज्योती बाळंतपणात अडली. एकही रिक्षावाला यायला तयार होईना. सुभद्राबाईने सरळ हिलालचं दार वाजवलं. टेम्पोत मागे गोधडी टाकली, ज्योतीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. खाडीशी पोचलो तर पुलावरून पाणी वाहत होतं. दवाखाना पलीकडे.

हिलालने ब्रेक दाबला. स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले, त्याच्याने पुढे जाववेना. “मन्हाघाई व्हवाव नही, वहिनी.”

ज्योती किंचाळत होती. सुभद्राबाई उतरली, कडेच्या कुंपणातला बांबू उपसला आणि पदर खोचला.

“कितलं पानी से ते मी देखस. तू मन्हा मांगे मांगे ये.”

पाणी तिच्या पोटरीला लागत होतं. बांबूने पुलाची कड चाचपत ती पुढे चालली. हिलाल पहिल्या गिअरात, तिच्या पाठीवरची नजर न काढता, मागे. माझा जीव मुठीत होता. खोटं कशाला सांगू?

दवाखान्यात ज्योती सुखरूप मोकळी झाली. व्हरांड्यात हिलाल सुभद्राबाईसमोर उभा राहिला, मान खाली घालून.

“वहिनी, मांगे येनाराले भेव वाटत नही. जरासं बी नही.”

तिने ओल्या पदराचा खोचा सोडला.

“म्हंजे त्या पूलवर त्याले बी भेव वाटनं नसई,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.