ऐनावरची तिसरी गाठ

तोडलेल्या सागाच्या खोडक्यावर कोणी बसलेले गोमाला चालत नसे. आमची पहिली भेट त्यावरूनच झाली. बारवी नदीकडच्या डोंगरउतारावर मी एका रुंद खोडक्यावर बसून अर्जाचा मसुदा करीत होतो. मोळी उतरवून एक काटकुळा म्हातारा समोर उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "उठा भाऊसाहेब. तिथला मानूस परगावी ग्येलाय."

कोण माणूस, असे मी दरडावून विचारले.

"साग. दर्यावर ग्येला. अजून आला नाय."

गोमाने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण त्याच्या आजाने बैलांनी ओढत सागाचे ओंडके उल्हास नदीच्या काठापर्यंत नेले होते. तेथून ते पुराच्या पाण्यावर कल्याणच्या खाडीला जात आणि पुढे गोऱ्यांच्या जहाजांची पोटे बनत. त्या जहाजांपायी आमचे डोंगर सरकारजमा झाले. शेतकऱ्याच्या बांधावर आपसूक उगवलेला सागदेखील सरकारचा ठरला. मग हद्दीचे दगड रोवले गेले आणि सागाबरोबर ऐनाची झाडेही हद्दीच्या आत गेली. जहाजे केव्हाच मोडीत निघाली, गोरेही गेले. कायदा मात्र अजून तरंगतो आहे. मामलेदार कचेरीत हयात घालवून मी कात्रपला घर बांधले ते विसाव्यासाठी. पण हा अन्याय दिसल्यावर विसावा कसला! स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली होती. मी पत्रांमागून पत्रे धाडू लागलो.

प्रश्न राबाचा होता. पावसाआधी ऐनाच्या फांद्यांचा टहाळ रोपांच्या जागेवर पसरून जाळावा लागतो. त्यावाचून या मुरमाड जमिनीत भाताचे रोप धरत नाही. गोमाच्या वाडीच्या वरचे ऐन हद्दीच्या आत होते, आणि रखवालदाराने कोयते जप्त करायला सुरुवात केली होती. राब नाही तर भात नाही, इतका सरळ हिशेब होता.

मी गोमाचा हेवा करीत असे. हे एक वाक्य लिहायला मला फार वर्षे लागली. वाडीची माणसे कागद घेऊन माझ्या ओटीवर येत, मी कलमे समजावून सांगे, ती माना डोलावत, आणि मग पायरीवर बसलेल्या गोमाकडे वळून विचारत, "बाबा, करायचा का आंगठा?" त्याने हूं म्हटले की अंगठा उठे. माझी पत्नीसुद्धा चहाचा पहिला पेला त्याला देई. कारण विचारले तर म्हणाली, "तो दमून आलेला असतो. तुम्ही बसलेलेच असता."

एकदा मी त्याला माझा अठरा पानी अर्ज वाचून दाखवला. माझ्या मते तो माझा उत्तम अर्ज होता. शेवटच्या परिच्छेदात टहाळ तोडण्याची सवलत मिळावी, अशी विनंती होती. गोमाने विडी काढली, पण पेटवली नाही.

"भाऊसाहेब, आपलंच हाय ना ते?"

"आहे."

"मंग मागताय कशाला?"

कायद्याची हयातभर संगत असलेल्या मला जो मुद्दा सुचला नाही, तो या निरक्षर माणसाने तीन शब्दांत मांडला. सवलत मागणे म्हणजे सरकारची मालकी कबूल करणे. मी त्याला तुला काय कळते म्हणून झिडकारले, आणि तो गेल्यावर ते पान फाडून नव्याने लिहिले. आभार मानले नाहीत.

असेच दुसरे. तो उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत मोळ्या घालायला जाई. कराचीहून बोटीने आलेली एक सिंधी म्हातारी तेथे पापड वाळत घालीत बसे. दर्या कसा असतो, असे गोमाने तिला विचारले. ती म्हणाली, "सब पानी, भाऊ. और उसके पीछे मेरा घर." हे मला सांगून गोमा म्हणाला, "आमचा साग न्येला, आन् त्यांची मानसं आनून टाकली. दर्याला देनं-घेनं कळत नाय, भाऊसाहेब." त्याच विषयावर माझे एक लांबलचक पत्र तेव्हा मेजावर पडून होते. मी ते धाडले नाही.

अखेर अर्जाची दखल घेतली गेली आणि जंगलखात्याचे एक तरुण साहेब पाहणीला आले. मी धुतलेला कोट घालून, कागदांचे भेंडोळे काखेत मारून हजर होतो. साहेबांनी दोन पाने चाळली आणि विचारले, "हद्दीच्या आधीपासून वहिवाट होती, याला पुरावा काय?" मी कलम सांगू लागलो. गोमा पुढे झाला, त्याने साहेबांना हाताने खूण केली आणि एका जुन्या ऐनापाशी नेले.

टहाळ तोडतात तेथे ऐनाला मुठीसारखी गाठ धरते. वाडीची रीत अशी, की मुलाने बापाच्या गाठीवर कोयता लावायचा नाही. वीतभर वर नवी जागा धरायची. गोमाने खोडावर हात ठेवला. "ही खालची आजाची. तो तोडायचा तवा मी खाली टहाळ गोळा करायचो. ही बापाची. ही वरली माजी." मग हद्दीच्या दगडाकडे बोट केले. "त्यो दगड आजानंच वाहून आनला. बिगारीत. गाठ आधीची." पुढे झाडामागून झाड, प्रत्येक घराच्या गाठी त्याने नावानिशी सांगितल्या. आजांच्या हातचा कोयता पाहिलेला वाडीत तो एकटाच उरला होता.

साहेबांनी टोपी काढली. माझ्या अठरा पानांसाठी त्यांनी ती काढली नव्हती.

पंचनामा लिहायला त्यांनी मला सांगितले, कारण माझे अक्षर चांगले. गुडघ्यावर फळी घेऊन मी लिहिले: "अर्जदाराने समक्ष दाखविलेल्या गाठींवरून जुनी वहिवाट सिद्ध होते." अर्जदार म्हणजे मी. गोमाचे नाव कोठेही घातले नाही. विसरलो नव्हतो, लेखणी त्या जागी क्षणभर थांबली होती. साहेबांनी विश्वासाने सही केली. गोमाला वाचता येत नव्हते. तो हसून म्हणाला, "भाऊसाहेबांचं अक्षर बघा, कसं रोप लावल्यासारखं."

त्या वर्षी आणि पुढची चार वर्षे वाडीने राब जाळला. गोमाने शेवटचा राब जाळून पेरणी केली आणि त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. त्याला मूल नव्हते. त्याच्या ऐनावर चौथी गाठ धरणार नव्हती.

नंतर नवे साहेब आले आणि त्यांनी कागद तपासले. मला बोलावून त्यांनी सभ्यपणे विचारले, "आपण या भागात केव्हापासून राहता?" मी सांगितले. "मग आजांच्या काळच्या गाठी आपण कशा ओळखल्या?" मी गोमाचे नाव घेतले. त्यांनी पंचनामा माझ्यापुढे सरकवला. माझेच अक्षर, एकही खाडाखोड नाही. साक्षीदार हयात नाही, आणि कागदात तर तो कधी नव्हताच. वहिवाट अमान्य झाली.

वाडीत सांगायला मीच गेलो. सगळे सांगितले, थांबलेल्या लेखणीसकट. कोणी मला शिवी दिली नाही. एक म्हातारी एवढेच म्हणाली, "बाबा तुमच्या अक्षराचं लई कवतिक करायचा." त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आता मी पुन्हा अर्ज करतो. प्रत्येक अर्जात साक्षीदार क्रमांक एक म्हणून गोमाचे नाव, बापाचे नाव आणि आजाचे नाव लिहितो. 'मयत साक्षीदार ग्राह्य नाही' असा शेरा मारून अर्ज परत येतो. मी नवा कागद घेतो आणि पहिल्या ओळीत ते नाव घालतो. आणि डोंगरावर गेलो तर खोडक्यावर बसत नाही, उभ्यानेच लिहितो.