पहिली हळद आईची

आत्ताच मुळशीहून, चुलत बहिणीच्या हळदीवरून आलेय. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

विधवांनाही शुभकार्यात मान द्यायचा, असा ठराव आमच्या ग्रामसभेने केलाय. पण घरात तो पाळणार कोण? आजही नवरीची आई, माझी धाकटी काकू, दाराआडच उभी होती. काका गेल्यापासून तिची तीच जागा.

नवरी पाटावरून उठली. "आईनं पहिली हळद लावल्याबिगर मी बसायची न्हाई!"

आणि पुढे कोण झालं? ग्रामसभेत त्या ठरावाला विरोध करणारी माझी आई! काकूचा हात धरून म्हणाली, "शालन, चल. पोर तुझी हाय, हळदबी तूच लाव."

काकूने लेकीला हळद लावली. मग गावातल्या आणखी दोन विधवा आपणहून पुढे आल्या.

आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. तुमच्या घरात असं पहिलं पाऊल कोणी उचललं?