कळलावीचे बूट

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंचाने आखूड राहिला. पंजाही दोन नंबरांनी लहान. त्यामुळे माझ्यासाठी चपला-बूट दुकानातून कधी आलेच नाहीत. आई मला वर्षातून एकदा मुंबईच्या इस्पितळात घेऊन जायची आणि तिथे काळे बूट बनवून मिळायचे. उजवा साधा, डाव्याला विटेएवढा जाड सोल. लोक आधी त्या सोलकडे बघत, मग माझ्याकडे. पुढे मी खोपोलीत शिक्षिका झाले, चाळिशी उलटली, वडील गेले, घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो, तरी बूट तेच. साडी जमेल तितकी खाली नेसायची आणि बसल्यावर डावा पाय आत ओढून घ्यायचा, एवढं मी शिकून घेतलं होतं.

एका रविवारी शाळेतल्याच एका बाईंच्या नातवाच्या बारशाला कुंभिवलीला गेले होते. परतताना हायवेच्या कडेला रिक्षाची वाट बघत होते, तेवढ्यात डाव्या बुटाचा तो जाड सोल अर्धा उचकटला. पाऊल टाकलं की फटकन उघडायचा. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मागं शेड हाय बघा, मॅडम. बुटांवाले काका हायेत. तिथं बसा."

पत्र्याची शेड होती. दारात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ खाली बसून रापीने कातडं सोलत होते, आणि आत त्यांची बायको शिलाई मशीन चालवत होती. त्यांनी माझा बूट हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "हा आज चिकटवून देतो. पण हा बूट नाय, बाई. हा नुसता टेकू हाय."

मला राग आला. पण उत्तर देण्याआधीच माझं लक्ष त्यांच्या पाटावर गेलं. तिथे तांबूस तपकिरी रंगाचा बुटांचा एक जोड होता. पोटरीपर्यंत उंच, पुढे टोकदार, टाच मागून तिरकी कापलेली, आणि वरच्या नळीवर दोऱ्याच्या सहा-सहा रांगांची वेलबुट्टी. असे बूट मी फक्त इंग्रजी सिनेमात घोडेस्वारांच्या पायांत पाहिले होते.

"हे इथे कोण घालतं?"

"कर्जतकडं घोड्यांचे फार्म हायेत ना? त्यातल्या एका सायबाचे. अमेरिकेतनं जुना जोड घेऊन आला, म्हणाला असाच पायजे. मी तो उसवला, आतनं पायला, आन मग बनवला." काका तरुणपणी मुंबईत बुटांच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर गावी परतले होते आणि घोडेस्वारांचे बूट करत होते.

सोल चिकटून वाळेपर्यंत मी तो जोड बघत राहिले. काकांच्या ते लक्षात आलं असावं.

"बाई, एक बोलू? रागावू नका. ह्या बुटात तुमचं काम होईल. टोकाला जागा सगळ्यांचीच रिकामी ऱ्हाते, तर तुमचा पंजा लहान हाय ते कुणाला कळनार? उंची आतनं देतो, टाचेखाली बुचाचा थर घालून. भायेरनं दोनी बूट येकसारखे. पाय बघू?"

माझा उघडा डावा पाय आई आणि डॉक्टर सोडून कोणी पाहिलेला नव्हता. मी नको म्हणणार होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको स्टूल घेऊन आली, माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाली, "बस गं बाय. दिवसाला किती पाय बघतात ते."

मी मोजा काढला. काकांनी पाय मांडीवर घेतला. हात खरखरीत होते, पण पकड अगदी हलकी. पंजाखाली पुठ्ठा धरून त्यांनी पेन्सिलने कड काढली. मग कागदाच्या पट्टीने पंजा, वरचा उंचवटा, घोटा, पोटरी अशी मापं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी पट्टी नखाने दुमडून खूण केली. मी वाट बघत होते की आता हे "अरेरे" म्हणतील. शेवटी म्हणाले, "पाय लहान हाय, पन सरळ हाय. काम होईल."

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. कशाचं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी कुंभिवलीला जायला लागले. आईला सांगितलं, बूट शिवायला टाकलेत. कसले, ते सांगितलं नाही. खरं तर मापं दिल्यावर माझं तिथे काही काम नव्हतं. पण स्टूल तिथेच असायचं आणि मावशी, म्हणजे काकांची बायको, मी दिसले की चहा टाकायची.

आधी कालबूत झालं. कालबूत म्हणजे लाकडाचा पाय, ज्यावर बूट चढवतात. उजव्यासाठी जुनंच चाललं, त्यावर कातड्याचे तुकडे चिकटवून आणि कानशीने घासून काकांनी माझं माप जमवलं. डाव्यासाठी दोन आठवडे लाकूड तासत बसले. एका शनिवारी ते माझ्या हातात दिलं. माझाच डावा पाय लाकडात होता, घोट्याजवळच्या खळग्यासकट. मी तो कितीतरी वेळ हातात धरून बसले.

मग नळ्यांचं कातडं कापलं गेलं आणि ते मावशीच्या हातात आलं. त्यावरची नक्षी तिचं काम. "काय काढू गं? एका सायबाच्या बुटावर गरूड काढलावता. तुला काय पायजे?"

मग तीच म्हणाली, "कळलावी काढते. माझ्या म्हायेरी, पोशीरला, बांधाबांधाला येते. लाल-पिवळी, जाळावानी. हातात घेऊ नको म्हनायचे, भांडनं लागतात. मी मुद्दाम तोडून घरात आनायची."

"मग लागायची भांडणं?"

"आमच्या घरात ती तशीबी लागायची!" असं म्हणून ती इतकी हसली की मशीनवरचा पाय थांबला.

तिने खडूने वेल काढली. वर वळलेल्या पाकळ्या, पानांच्या टोकाला गुंडाळी. आधी पिवळ्या दोऱ्याची एक रांग, तिच्या बाहेरून तांबड्या दोऱ्याची, परत पिवळी. सुई एक केसभर सरकली तरी कातड्यातलं भोक बुजत नाही, म्हणून ती श्वास रोखून शिवायची आणि वळण संपलं की मोठ्याने सोडायची. त्या शेडमध्ये मी वह्याही तपासायला घेऊन जाऊ लागले. मशीन चालू, काकांची हातोडी चालू, बाहेर ट्रक चाललेले, आणि मी तिसरीची शुद्धलेखनं तपासतेय. आज आठवलं तरी त्या दुपारी मला हव्याहव्याशा वाटतात.

अडचण आली ती बूट उलटवताना. नळीच्या बाजूच्या शिवणी आतल्या अंगाने घालतात. म्हणजे बूट आधी उलटा शिवायचा, मग कातडं ओलं करून मोज्यासारखा सुलटा करायचा. उजवा निमूट सुलटला. डाव्याची गोष्ट वेगळी होती. माझी पोटरी बारीक, नळी मात्र उजवीएवढीच दिसायला हवी, म्हणून काकांनी अस्तर आणि कातडं यांच्यामध्ये नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर घातला होता. तो बूट त्यांनी गुडघ्यांत धरला, आत लाकडी दांडा घातला आणि रेटा दिला. अर्धा बूट वळला आणि शिवणीजवळ टर्रकन फाटला. नेमका वेलीतून.

मावशी उभीच राहिली. "अवो, मी सांगत होते, नमदा मागनं घाला! तीन आठवडं शिवलंय मी ते!"

काका फाटलेली कड अंगठ्याने चाचपत राहिले. मीच म्हणाले, "काका, ठिगळ लावा ना. माझं काही म्हणणं नाही."

त्यांनी मान वर केली. तेवढा एकदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "आख्खं आयुष्य ठिगळच घातलंत ना, बाई? आता नाय."

कातडं मुंबईहून आणलेलं होतं आणि त्यातलं दुसऱ्या डाव्यापुरतंही उरलं नव्हतं. नव्या कातड्याचा रंग थोडा फिका निघाला. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, "दोनी येकसारखे, आसं बोललोवतो." आणि त्यांनी उजवासुद्धा बाजूला टाकून दोन्ही नव्याने कापले. मावशीने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी वेल पहिल्यापासून शिवायला घेतली. या वेळी नमदा बूट सुलटल्यावर वरून सरकवला.

पुढचं काम भराभर झालं. ओलं कातडं कालबुतावर चढवून काकांनी पकडीने चहूबाजूंनी ताणलं आणि बारीक खिळ्यांनी अडकवलं. ताणताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. वाळल्यावर मेण लावलेल्या दोऱ्याने कडेची पट्टी हाताने शिवली, प्रत्येक टाक्याला आरीचं एक भोक, दोन्ही बाजूंनी दोन सुया. मध्ये पोलादी पट्टी, त्यावर तळ, आणि तळाच्या कमरेत, म्हणजे पंजा आणि टाच यांच्या मधल्या अरुंद भागात, लाकडाचे छोटे खिळे. टाच कातड्याचे थर एकावर एक चढवून केली आणि काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केली.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी ते घातले. ओढायला लावलेले वरचे दोन्ही कान धरून ओढले, टाच आत बसली आणि बुटातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. उभी राहिले. माझे दोन्ही खांदे एका रेषेत होते. आणि लगेच तोलच गेला. चाळीस वर्षं एका बाजूला कललेलं अंग सरळ राहायला तयार नव्हतं. मावशीने दंडाला धरलं. "हळू गं. वासरूबी पयल्यांदा पडतं." आम्ही दोघी पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. पंक्चरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला आणि आम्ही परत फिरेपर्यंत तो बघत राहिला. त्यानंतर पंधरा दिवस माझी कंबर भयंकर दुखली.

घरी आईने बूट बघितले आणि कपाळावर आठी घातली. "हे काय ध्यान? आपल्याकडच्या बायका असले घालतात का? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक चाळीस वर्षं म्हणतातच आहेत. ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर गॅलरीत बसून ती जुन्या मऊ फडक्याने बूट पुसत होती. मला बघून म्हणाली, "ही कळलावी आहे ना? छान काढलीय."

शाळेत मी पंजाबी ड्रेस घालायला लागले, सलवार बुटांत खोचून. साडीखाली ती वेल दिसली नसती.

आमच्या शाळेत डोंगरातल्या ठाकरवाडीवरची मुलं येतात. दर वर्षी पटनोंदणीला बाकीचे शिक्षक वाडीवर चढून जात आणि मी खाली रजिस्टरं भरत बसे. माझा तो वाटा ठरूनच गेला होता. त्या जूनमध्ये मी म्हणाले, मी येते. सगळे हळू चालले. वर पोहोचायला मला दीड तास लागला. उतारावर टाच मातीत रुतायची, म्हणून मी घसरले नाही. वाडीवर माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने पाणी दिलं, बुटांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "साप चावायचा न्हाय यातून. चांगले हायेत." कौतुक असंही असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. त्या मुलीचं नाव चौथीत घालायचं की तिला करवंदं विकायला धाडायचं, यावर आम्ही तासभर बोललो. नाव घातलं. पुढची नऊ वर्षं मी दर जूनला वर गेले.

काकांनी त्या बुटांचे तळ दोनदा बदलून दिले. मग त्यांच्या हातांना कंप सुटला आणि आरी धरता येईना. शेड मोडून दोघं अंबरनाथला मुलीकडे गेले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. काका खिडकीशी बसले होते, हात मांडीवर. बूट करण्याबद्दल आम्ही फार बोललो नाही. मावशी म्हणाली, खाली सोसायटीतल्या बायकांना ती मशीनवरची नक्षी शिकवते, पण त्यांना सगळं कापडावर हवं असतं. "कापड काय, कसंबी वळतं," ती म्हणाली. मग तिने पोहे केले, काकांनी चमच्याने हळूहळू, न सांडता खाल्ले, आणि उशीर होईल म्हणून दोघांनी मला चारच्या आत घालवलं.