गार घराच्या शोधात

घर बघायला निघालं की घर नंतर मिळतं, किस्से आधी! आमचे तर पिशवीभर झालेत.

सुरुवात माझ्या झोपेचं खोबरं झालं तिथून. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीवर थेट स्लॅब. चार वर्षांची ओवी घामोळ्यानं तळमळायची आणि मी विचार करत पडायचे, पोरीला वाढवतोय की वाफवतोय? शेवटी ठरलं, जुनं घर घ्यायचं आणि एसीशिवाय गार राहील असं करून घ्यायचं. मी नेटवर इतकं वाचलं, की घर सोडून सगळं कळलं!

*

घरं दाखवायला नवऱ्याचे मामा. म्हटलं, "मामा, घर भर दुपारी बघायचं."

"आगं, त्या वक्ताला कोन घर दावतं व्हय? गिऱ्हाईक पळून जाईल!"

"म्हणूनच!"

*

कासुर्डीचं घर भर दुपारी गारेगार. मी खूश! गच्चीवर गेले, तर घोटाभर पाणी. मालक आप्पा म्हणाले, "पाव्हणे येनार म्हनून स्लॅब गार करायला सकाळधरनं मोटर लावलीया. रोज न्हाई लावत, खोटं कशाला बोलू!"

*

पुढच्या घराची पश्चिमेची भिंत चटके देत होती. किती तापलीय बघावं म्हणून मी पर्समधला ओवीचा थर्मामीटर लावला. मामा गंभीरपणे म्हणाले, "ताप हाय का? गोळी द्यायची?"

मी मालकीणबाईंना विचारलं, "इथं सावलीला झाड लावता येईल?"

"व्हता की मोठा कडुलिंब! लई पाला पडायचा, तोडला. आता बघा, कसं लख्ख ऊन येतंय!"

*

भांडगावात एकच खोली थंड. जाड भिंती, वर झरोके. आत दोन म्हशी.

"जनावराला ऊन सोसत न्हाई," मालक म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"आमी बी दुपारचं हितंच!"

*

शेवटचं घर दौंडजवळ. एकट्या आबांचं. दगडी भिंती, पश्चिमेला चिंच. फक्त पुढच्या पडवीच्या पत्र्याखाली आच्छादन घातलं की झालं. आबा पुण्याला मुलाकडं निघालेले. "टॉपचा फ्लॅट हाय त्याचा, वर थेट स्लॅबच," ते कौतुकानं म्हणाले.

मला खोट सापडेना, म्हणून जास्तच धाकधूक. तेवढ्यात लक्षात आलं, ओवीचा आवाज नाही! धावत मधल्या खोलीत गेले. आबांच्या खाटेवर गाढ झोपलेली. पंखा बंद, कपाळ कोरडं.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आबा, आम्हाला हेच घर हवंय."

आवाजानं ओवी उठून बसली. खोलीभर बघितलं, मग आबांकडं.

"आबा, मग तुम्ही कुठं झोपणार?"