चौधरीजींचा लाल ट्रॅक्टर आणि माझं मत

चहा आधी संपवा, मग सांगतो. माझ्या अकलेचा हा पराक्रम ऐकताना चहा नाकातून येतो, असा अनुभव आहे!

नव्वदीची सुरुवात. कंपनीनं मला पुण्याहून गुडगावला धाडलं. सोसायटी नवी कोरी. लिफ्ट, इंटरकॉम, सलाम ठोकणारा गार्ड, सगळं होतं. फक्त नळाला पाणी नव्हतं! अर्धी सोसायटी घर सोडायच्या गोष्टी करत होती.

शेवटी शेजारच्या गावचे चौधरीजी टँकर आणायला तयार झाले. त्यांचं शेत बिल्डरकडे गेलेलं, त्यामुळे दोन म्हातारे ट्रॅक्टर नुसते उभे होते. एक लाल, एक निळा.

"इंजीनियर साब, थम बताओ, कौन सा जोड़ूँ?"

अहो, मी इंजिनियर, पण कॉम्प्युटरचा! पण पुण्याच्या माणसाला मत विचारलं आणि त्याच्याकडे ते नव्हतं, असं कधी झालंय?

चौधरीजींनी दोघांची कुंडली मांडली. निळा सभ्य. चावी फिरवली की सुरू, आवाज बेताचा, पण ओझं पडलं की तापतो. लाल अडदांड. डिझेल कमी पितो, ओढायला राक्षस, पण सेल्फ मेलेला. धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही.

मी दोघांच्या टायरला एकेक लाथ घातली आणि निकाल दिला, "लाल!"

"और सेल्फ?"

"हमारे गेट पे इतनी ढलान है! ढलान पे छोड़ो, गियर डालो, चालू!"

"अहो, पण..." बायको मागून म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं?"

रविवारी सगळी सोसायटी बाल्कनीत. काहींच्या हट्टापायी आधी निळा जोडला. तो अर्ध्या वाटेत वाफा सोडत बसला. मग आला आमचा लाल! धडधडत, काठोकाठ भरलेला टँकर ओढत, गेटचा उतार उतरून थेट टाकीपाशी. पाणी पडायला लागलं आणि काय तो जल्लोष! कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. खरं सांगतो, छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात इंजिनाच्या हादऱ्यांनी हैराण होऊन वरून बायका ओरडल्या, "भैया, बंद करो, बर्तन गिर रहे हैं!"

चौधरीजींनी इंजिन बंद केलं. टँकर रिकामा झाला. आता दुसरी खेप.

"छोड़ो ढलान पे!" मी ऐटीत हुकूम सोडला.

मग बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तो उतार आत येतानाचा. बाहेर जाताना त्यालाच चढ म्हणतात."

पण पाणी मात्र पुन्हा कधी कमी पडलं नाही, बरं का! कुणी घर सोडलं नाही. फक्त रोज सकाळी टँकर रिकामा झाला की टाय खांद्यावर टाकून आम्ही दहाबारा साहेब लोक तो ट्रॅक्टर अंगणात गोल गोल ढकलायचो. सर्वांत पुढे मी. बाकीचे म्हणायचे, "यार, निवडलास तू, मग ढकल तू!"

चौधरीजी सीटवरून अभिमानानं सांगायचे, "पूरे पैंतीस घोड़ों की ताकत है इसमें!"

असेल हो. पण त्या पस्तीस घोड्यांना जागं करायला रोज पुण्याचं एक गाढव लागायचं!